स्वर्ग आणि हिशेब : ख्रिस्ती परलोककल्पनेचा इतिहास



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी ख्रिस्ती लोकांच्या स्वर्गकल्पनेचे नाव घेतले. त्यांना थोडे नवल वाटले. हमाल-मापाड्यांच्या संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाने मजुरीच्या दरावर किंवा १९६९ च्या माथाडी कायद्यावर बोलावे, ही त्यांची अपेक्षा रास्तच होती. परंतु परलोकाचा प्रश्न आमच्या कामात पावलोपावली येतो. मोंढ्यात पोत्यांची थप्पी अंगावर कोसळून एखादा हमाल दगावतो. घरी भेटायला आलेली माणसे म्हणतात, "सुटला बिचारा, देवाघरी गेला." बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण त्याच बोलण्याच्या आडोशाने देणेकरीही मोकळा होतो; कारण जो सुटला, त्याचे आता काय देणे लागते? मेलेल्याचे काय होते, या प्रश्नाला मिळणारे उत्तर जिवंत माणसांच्या व्यवहाराला असे वळण लावते. म्हणून मी या विषयाकडे वळलो आणि मिळतील ती पुस्तके वाचीत गेलो.

ख्रिस्ती धर्मच का घेतला, असे कोणी विचारील. एक कारण असे की, त्या धर्मातील परलोककल्पना कशी बदलत गेली याचा तारीखवार माग काढता येतो. दुसरे कारण आपल्या गावातच आहे. रिसाला, पलटन, तोफखाना, पेन्शनपुरा ही हिंगोलीतील वस्त्यांची नावे निजामाच्या राज्यातील हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या छावणीची आठवण आहेत. १९०३ मध्ये ती फौज येथून हलली, नावे राहिली. मराठवाड्यात साहेबाचा धर्म पोहोचला, त्या वाटेवर जालना, औरंगाबाद, हिंगोली या छावण्या होत्या. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ख्रिस्ती स्वर्ग म्हणजे ढगांवरचे एक गाव, जिथे चांगली माणसे मेल्यावर जातात, असे आपण समजतो. पुष्कळ ख्रिस्ती माणसेही तसेच समजतात. परंतु या श्रद्धेचा उगम पाहिला, तर तिच्यात आकाशापेक्षा मातीच अधिक आहे.

ज्या यहुदी समाजात येशू जन्मला, त्या समाजाच्या जुन्या ग्रंथांत सुखाचा स्वर्ग जवळजवळ नाहीच. मेलेली माणसे शेओल नावाच्या अधोलोकात जातात. तेथे राजा आणि गुलाम दोघेही सारखेच छायेसारखे पडून राहतात. देव सज्जनाला द्यायचे ते याच जन्मी देतो : दीर्घ आयुष्य, मुलेबाळे, पिकलेले शेत. या समजुतीला तडा गेला तो ख्रिस्तपूर्व १६७ च्या सुमारास. सीरियाचा राजा चौथा अँटायोकस याने यहुद्यांचा धर्माचार बंद पाडला, आणि जे वाकले नाहीत त्यांना ठार केले. आता प्रश्न उभा राहिला. सज्जनाला याच जन्मी फळ मिळते, तर सज्जनपणापायीच जे मारले गेले, त्यांचे फळ कोठे आहे? या काळातल्या दानीएलच्या ग्रंथात त्याचे उत्तर येते : धुळीत झोपलेले पुष्कळ जण उठतील आणि त्यांचा न्याय होईल. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात एका आईची आणि तिच्या सात मुलांची कथा आहे. राजा त्या मुलांचे हातपाय तोडतो, तेव्हा त्यांच्यातला एक जण आपले हात पुढे करून सांगतो की, हे देवाने दिले आणि देवाकडूनच ते परत मिळतील. त्याची मागणी तोडलेल्या हातांची आहे, आत्म्याच्या शांतीची नव्हे. पुनरुत्थानाची कल्पना अशी जन्माला आली. ती थकबाकीची मागणी होती.

ही कल्पना त्या समाजात सर्वांना मान्य झाली नाही, आणि अमान्य कोणाला होती हे लक्षात घेण्यासारखे आहे. जेरुसलेमच्या मंदिराचा कारभार ज्यांच्या हाती होता, ते सदूकी पंथाचे श्रीमंत पुरोहित पुनरुत्थान मानीत नसत. परूशी मानीत, आणि सामान्य लोक त्यांच्या बाजूने असत. योसेफस हा त्या शतकातील यहुदी इतिहासकार लिहितो की, सदूकींचे म्हणणे श्रीमंतांनाच पटत असे. ज्यांचे या जगात काही येणे बाकी नव्हते, त्यांना हिशेबाच्या दिवसाची गरज भासली नाही.

येशूचा उपदेश या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात 'स्वर्गाचे राज्य' हा शब्द वारंवार येतो आणि वाचणाऱ्याची तेथेच दिशाभूल होते. मार्क आणि लूक त्याच ठिकाणी 'देवाचे राज्य' म्हणतात. देवाचे नाव सहसा उच्चारायचे नाही, ही यहुद्यांची रीत. म्हणून मत्तय 'स्वर्ग' म्हणतो. अर्थ एकच : देवाचा कारभार. तो कारभार वर चालतो तसा खाली जमिनीवरही चालावा, अशी प्रार्थना येशूने शिष्यांना शिकवली, आणि तिच्यातच रोजच्या भाकरीचे मागणे आहे व ऋणमाफीची भाषा आहे. न्यायाच्या दिवसाचे चित्र मत्तयाने रंगवले आहे, त्यात कोणाची मते काय होती हे विचारले जात नाही. भुकेल्याला जेवू घातले का, उघड्याला वस्त्र दिले का, तुरुंगातल्याला भेटायला गेलात का, एवढेच विचारले जाते. लूकाच्या ग्रंथातील श्रीमंताने दारातल्या लाजर भिकाऱ्यावर काही जुलूम केला, असे कथा सांगत नाही. तो रोज त्याला ओलांडून जात होता, एवढाच त्याचा गुन्हा.

पौलाने देहाच्या पुनरुत्थानाला बियाण्याचा दृष्टान्त दिला. पेरलेला दाणा आणि उगवलेले रोप दिसायला वेगळी, तरी एकाच धाटणीची. शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात याचा अधिक खुलासा नको. आणि बायबलचे शेवटचे पुस्तक, प्रकटीकरण, त्याच्या अखेरीस माणसे वर जात नाहीत. देवाचे नगर खाली उतरते. देव माणसांत राहायला येतो आणि रडणे संपते.

या श्रद्धेचा व्यवहारात काय परिणाम झाला? रोमी साम्राज्यातील गोरगरिबांना मोठी भीती असे ती बेवारस मरणाची. म्हणून ते दफनमंडळ्या स्थापीत. रोमजवळच्या लॅन्युव्हियम येथे इसवी सन १३६ चा एका मंडळीचा शिलालेख सापडला आहे. प्रवेशफी १०० सेस्टर्स आणि एक बुधला दारू, दरमहा ५ आसची वर्गणी. सभासद मेल्यावर अंत्यविधीसाठी ३०० सेस्टर्स. वर्गणी थकली तर हक्क बुडाला. हा लेख वाचताना मला आमच्या मृत्युफंडाच्या वह्या आठवल्या. सन २०० च्या सुमारास टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक आपल्या मंडळीच्या मासिक निधीची माहिती देतो. तेथे वर्गणी ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे द्यायची, आणि तिच्यातून गरिबांना जेवण व मूठमाती द्यायची. मेलेला देह उठणार आहे, म्हणून तो फेकायचा नाही, मग तो गुलामाचा का असेना. दफनभूमीला त्यांनी जो ग्रीक शब्द वापरला, त्याचा अर्थ झोपण्याची जागा. इंग्रजीतील 'सेमेटरी' त्यातूनच आला. मराठी ख्रिस्ती माणसे मृताला 'प्रभूमध्ये निद्रिस्त' म्हणतात, त्याचे मूळ येथे आहे. रोमच्या भुयारी कबरस्तानात खोदणाऱ्या मजुरांची चित्रेही आहेत. डायोजिनीस नावाचा एक खणक आपल्या कुदळीसह तेथे रंगवलेला आहे. पुढे सम्राट ज्युलियन (३६१ ते ३६३) हा जुन्या देवांचा कैवारी झाला. ख्रिस्ती पंथ वाढला तो परक्यांना दिलेल्या आश्रयाने आणि मृतांची काळजी घेतल्याने, असे त्याने आपल्या पुरोहिताला लिहिले. विरोधकाची ही साक्ष मोलाची आहे.

परंतु ज्युलियनच्या आधीच पारडे फिरले होते. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली आणि त्याच शतकाच्या अखेरीस तो राजधर्म झाला. पहिल्या पिढ्यांतील कित्येक ख्रिस्ती लोक पृथ्वीवर येणाऱ्या हजार वर्षांच्या राज्याची वाट पाहत होते. आता राज्य तर आपलेच होते! पाचव्या शतकात ऑगस्टीनने 'देवनगरी' या ग्रंथात त्या हजार वर्षांचा अर्थ चर्चचा चालू काळ असा लावला. शिवाय देहापासून वेगळ्या, अमर आत्म्याची ग्रीक कल्पना ख्रिस्ती विचारात मुरत गेली. मेल्याबरोबर आत्मा देवाचे दर्शन घेतो की न्यायाच्या दिवसापर्यंत थांबतो, यावर चौदाव्या शतकात खुद्द पोपच्या दरबारात वाद माजला. १३३६ मध्ये बाराव्या बेनेडिक्टने निर्णय दिला : पवित्र आत्म्यांना ताबडतोब दर्शन घडते. पुनरुत्थान रद्द झाले नाही. पण ते लांबणीवर पडले आणि लोकांचे डोळे जमिनीवरून आकाशाकडे लागले.

मधल्या आत्म्यांचे काय? फार वाईट नाहीत आणि पुरते शुद्धही नाहीत, अशांसाठी शुद्धिस्थानाची, म्हणजे पर्गेटरीची, कल्पना बाराव्या शतकात पक्की झाली. १२७४ च्या लियों परिषदेने शुद्धीची ही शिकवण अधिकृत केली. तिच्यात एक कोमल भाग आहे. मेलेल्यासाठी जिवंतांना काही करता येते. २ नोव्हेंबरच्या मृतस्मरणदिनी कॅथलिक माणसे कबरींवर मेणबत्त्या लावतात, त्यामागे हीच भावना आहे. आपल्या पितृपक्षाशी तिचे नाते सहज कळते. पण जेथे माया असते तेथे दलालही येतो. १४७६ मध्ये पोपने पापविमोचनपत्रांचा लाभ शुद्धिस्थानातील आत्म्यांनाही मिळेल असे जाहीर केले. १५१५ पासून रोमच्या सेंट पीटर मंदिराच्या बांधकामासाठी त्या पत्रांची नवी मोहीम निघाली. ३१ ऑक्टोबर १५१७ ला मार्टिन ल्यूथरने आपली ९५ कलमे पुढे केली. गरिबांच्या पैशाने मंदिर बांधण्याऐवजी गडगंज पोप स्वतःच्या पैशाने का बांधीत नाही, हा लोकांच्या तोंडचा प्रश्न त्याने त्यांत नोंदवला आहे. मेल्यानंतरच्या विधींतून शेतकऱ्याला कसे नागवले जाते, हे आपल्याकडे महात्मा फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये सांगितले. दोन्ही वाचताना देश बदलतो, पावतीपुस्तक तेच राहते.

ल्यूथरही शेवटपर्यंत गरिबांबरोबर राहिला नाही. १५२५ मध्ये जर्मन शेतकरी उठले, तेव्हा देवाचे राज्य येथेच आणू म्हणणारा टॉमस म्युंत्सर हा धर्मोपदेशक त्यांच्या पुढे होता; त्याचा शिरच्छेद झाला आणि ल्यूथर सरदारांच्या बाजूने उभा राहिला.

आता आपल्या भाषेकडे वळू. २४ ऑक्टोबर १५७९ ला टॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यास उतरला आणि पुढची चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मरेपर्यंत, तो मुख्यतः साष्टी भागात राहिला. १५६७ मध्ये पोर्तुगिजांनी साष्टीतील देवळे पाडली होती. तेथे नवा धर्म तलवारीच्या सावलीत आला, हे विसरता कामा नये. पुराणे गेलेल्या त्या लोकांना ऐकायला काहीतरी हवे होते. त्यांच्यासाठी स्टीफन्सने सुमारे ११,००० ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. देवनागरीत ते शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्यातून प्रसिद्ध केले. या पुराणात ख्रिस्ती स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द आहे!

हा शब्द निवडण्यात मोठी जाण दिसते. आपल्याकडे स्वर्ग हा कायमचा मुक्काम नाही. पुण्य सरले की जीव पुन्हा मृत्युलोकी येतो. मुदतीच्या भाडेकरूसारखे हे राहणे. ख्रिस्ती स्वर्गातून परत येणे नाही. शिवाय तेथे माणूस ब्रह्मात विरून जात नाही. तो आपल्या नावानिशी देवासमोर राहतो. या दोन्ही गोष्टींना जवळचा शब्द वैकुंठ हाच होता. १६५० मध्ये तुकोबा सदेह वैकुंठास गेले असे ज्या समाजाने मानले, त्याला देहासकट मिळणारी मुक्ती अगदीच अनोळखी वाटण्याचे कारण नव्हते. पुढच्या शतकांतील प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी वैकुंठ सोडून 'स्वर्ग' घेतला, आणि मराठी बायबलात तोच रुळला. त्याबरोबर आपल्या मनातला मुदतीचा, अप्सरांचा स्वर्गही शब्दात आला आणि घोटाळा वाढला.

१८५७ च्या आरंभीच्या महिन्यांत मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद झाले. जन्म एक की अनेक, मुक्ती कशाने, हे त्या काळच्या अशा वादांचे विषय. पण बुवा तेवढ्यावर थांबले नाहीत. १८६७ मध्ये त्यांनी 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' लिहिला. सर्वांची जमीन एक, कोठार एक, ज्याला लागेल ते तेथून न्यावे, असे राज्य त्यांनी कल्पिले. परलोकावर वाद घालणारा हा संन्यासी शेवटी पृथ्वीवरच्या कोठाराचा आराखडा मांडतो, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

एक जन्म की अनेक, हा प्रश्न शास्त्र्यांना वादाचा होता. मांगवाड्यात आणि महारवाड्यात तो जगण्याचा होता. मागच्या जन्मीच्या पापाने या जातीत आलास, असे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, त्याला कोणी सांगितले की तुला मागचा जन्मच नाही, तर त्याच्या पाठीवरचे केवढे ओझे उतरते! १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री हे ब्राह्मण गृहस्थ पुढे जालन्यास आले. त्यांनी मुख्यतः मांग समाजात काम केले आणि बेथेल नावाचे गाव वसवले. तेथे गेलेल्यांना शाळा, विहीर आणि जमीन यांची ओढ होती, म्हणून त्यांची श्रद्धा खोटी, असे काही जण म्हणतात. भाकरीची प्रार्थना ज्या धर्मात आहे, त्यात भाकरीसाठी येणे खोटे कसे? कविवर्य ना. वा. टिळकांनी अखेरच्या काळात, १९१७ मध्ये, जो बंधुसंघ काढला त्याचे नाव 'देवाचा दरबार'. तोही त्यांना येथेच भरवायचा होता.

परंतु दुसरी बाजूही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी परखडपणे मांडली आहे. धर्मांतरितांच्या स्थितीवरील आपल्या लेखात ते दाखवतात की, ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याला आपल्या दुर्दशेचे कारण समाजरचनेत न शोधता स्वतःच्या पापात शोधायला शिकवले गेले, आणि म्हणून अन्यायावर उठण्याचा जोर त्याच्यात आला नाही. मागच्या जन्मीचे पाप गेले आणि आदिमानवाचे आले! तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर येथील ख्रिस्ती दफनभूमीत तर सवर्ण आणि दलितांच्या कबरींमध्ये भिंत घातली गेली. ती पाडावी म्हणून आंदोलने झाली. सर्वांनी एकाच दिवशी उठायचे आहे असे मानणाऱ्यांनी झोपताना भिंत घातली, यापेक्षा आपल्याच श्रद्धेचा मोठा नकार कोणता?

कामगार चळवळीने या दोन्ही बाजू अनुभवल्या. १५ मे १८९१ ला पोप तेराव्या लिओने कामगारांच्या प्रश्नावर परिपत्र काढले. त्यात दुःख सोसण्याचा आणि खरे जीवन मरणानंतरच असल्याचा उपदेश आहे. त्याच परिपत्रात कामगाराला कुटुंब पोसण्याइतके वेतन आणि संघ करण्याचा अधिकार मिळावा, असेही म्हटले आहे. उपाशी कामगाराला आकाशातल्या मेजवानीचे आश्वासन देणाऱ्या पाद्रीची टिंगल करणारे गाणे अमेरिकेतील जो हिल या कामगार कवीने १९११ मध्ये रचले. त्याच अमेरिकेत काळ्या गुलामांच्या भजनांतील पलीकडचा तीर कित्येकदा मरणानंतरचा नसे. जेथे गुलामी नाही असा उत्तरेकडचा प्रदेश असे. एकच स्वर्ग, पण मालकाच्या तोंडी एक आणि गुलामाच्या तोंडी दुसरा.

अलीकडच्या काळात चर्चचीही भाषा बदलली. १९६३ मध्ये कॅथलिक चर्चने दहनास परवानगी दिली. अस्थी विखुरू नयेत, पवित्र जागी ठेवाव्यात, असे २०१६ मध्ये सांगितले. १९९९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी स्पष्ट केले की, स्वर्ग हे ढगांतले ठिकाण नसून देवाशी असलेले जिवंत नाते आहे. प्रॉटेस्टंट शुद्धिस्थान मानीत नाहीत. शेवटी देह उठेल, या मूळ कलमावर मात्र दोघांचे एकमत आहे.

त्या कलमाकडे पाहताना मला आपल्या जिल्ह्याची आठवण होते. येथून जवळचे नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले आणि कामावरचे मजूर त्याखाली गाडले गेले. त्यांत चोखामेळा होते. नामदेव तेथे गेले. ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, असे ओळखून त्यांनी ती पंढरपुरास आणली आणि महाद्वाराशी समाधी दिली, अशी कथा आहे. हाडे बोलली की नाही, या वादात मी पडत नाही. शिंप्याच्या घरचा एक संत कोसळलेल्या भिंतीपाशी जातो, एका महार मजुराची हाडे निवडून काढतो आणि ज्या दारातून त्याला जिवंतपणी आत घेतले नाही, त्याच दाराशी ती ठेवतो. तोडलेले हात परत मागणाऱ्या त्या यहुदी मुलाचे आणि नामदेवांचे म्हणणे येथे फार जवळ येते. "सुटला बिचारा" असे दोघेही म्हणत नाहीत.

मरणानंतर काय आहे, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. तो प्रश्न मी आपल्या ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडतो. इतिहास वाचून मला एक कसोटी मात्र मिळाली आहे. परलोकाची जी कल्पना मेलेल्याची थकबाकी माफ करून टाकते, ती कोणत्याही धर्माची असो, तिच्याकडे संशयाने पाहावे. आणि जी कल्पना म्हणते की हे नाव खोडता येणार नाही, हा देह बेवारस नाही, याचा हिशेब कोणाला तरी द्यावाच लागेल, तिला नास्तिकानेही नमस्कार करावा. पुढच्या वेळी कोणाच्या दारी सांत्वनाला गेलात, तर देवाघरची गोष्ट अवश्य बोला. पण उठण्यापूर्वी त्या घरच्या माणसांना विचारा की, हजेरीपटावर त्याचे नाव होते का, आणि भरपाईचा अर्ज कोणी भरला आहे का.